चौथा ट्रॅक

(चौक गावातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, सकाळचे अकरा. लडकू बोलत नाही. मांडीवरच्या पाटीवर खडूनं लिहून दाखवतो. त्याच्या नावापुढं आहे ते सगळं पाटीवरचं.)

तल्हा: गोल गोल पुसू नका ताई, आणखी चरे पडतील. मधून बाहेर, सरळ. सायकलच्या चाकाच्या तारा असतात ना, तसं.

रूपाली: आमी घरी पदरानं पुसली व्हती. गोलच पुसली. म्हंजी आमीच बिघडवली का?

तल्हा: पदरानं एवढं होत नाही. द्या इकडं, साबणाच्या पाण्यानं धुतो एकदा.

रूपाली: पाण्यानं? भाऊ, ही एकच हाय.

तल्हा: सीडीला पाण्यानं काही होत नाही. बोटांचा तेलकटपणा तेवढा निघतो. आधी कुठं दाखवली होती?

रूपाली: कर्जतला दोघांकडं. पहिला बोलला, सीडी लावायचं यंत्रच नाय आता कुणाकडं. दुसऱ्यानं लावली, तर नुसती घुं-घुं फिरली आन बाहेर आली. बोलला, फेकून द्या ताई, ह्यात काय नाय. मंग दहिवलीच्या मनोजनं तुमचं नाव सांगितलं. चौकला तल्हा हाय बोलला, तो जुनं काय टाकत नाय.

तल्हा: त्यावरून बायको रोज बोलते मला. हा जुना कॉम्प्युटरचा डबा मागच्याच महिन्यात भंगारात जाणार होता, राहिला. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. काय आहे ह्यात, गाणी?

रूपाली: आवाज हाय. बाबाचा.

तल्हा: कुणाच्या?

रूपाली: माझ्या बाबाचा. तो काय, दारात बसलाय, रस्त्याकडं तोंड करून. बाबा, हिकडं बघ ना जरा.

लडकू: ऐकतोय. चालू दे तुमचं.

तल्हा: काका पाटीवर लिहितात?

रूपाली: गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं, मुंबईला. गाठ व्हती. डॉक्टरनं स्वरयंत्रच काढलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून घेतो, म्हणून रुमाल बांधलाय. ऐकू सगळं येतं. बोलता येत नाय.

तल्हा: माफ करा काका, माझ्या लक्षात नाही आलं. आत या, पंख्याखाली बसा.

लडकू: हितं बरा हाय.

रूपाली: बरा कुठला. त्याला हे नकोच हाय. ऑपरेशनपासून घराच्या बाहेर पडत नव्हता. आज बळंच आणलाय, बोलले, तू नाय आलास तर मीबी जात नाय.

लडकू: मेलेल्या माणसाचा फोटो लावतात भिंतीला. तसं हाय हे.

रूपाली: तू मेला नाय, बाबा.

लडकू: आवाज मेला.

रूपाली: बघा. हे असं चालतं दिवसभर. भाऊ, तुमी लावा ती.

तल्हा: लावतो. हे बघा, आत गेली. ड्राइव्हनं ओळखली तरी पुष्कळ झालं. थांबा. हां, ओळखली. सात ट्रॅक आहेत.

रूपाली: म्हंजी हाय ना ह्यात?

तल्हा: आहे. कुठवर निघेल ते आता कळेल.

रूपाली: हे काय, चित्रंबित्रं काय नाय? नुसता काळा पडदा.

तल्हा: ह्याला चित्रं नाहीत, माऊसही लागत नाही. काय करायचं ते टाइप करायचं. प्रोग्रामचं नाव, कितवा ट्रॅक हवा, निघालेल्या फाइलला नाव काय द्यायचं. एवढी एकच ओळ, मग एंटर.

रूपाली: मंग त्या कर्जतवाल्यानं काय केलं?

तल्हा: त्यानं गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये घातली असणार. त्याला थांबून चालत नाही, वाजत राहायचं असतं. अडलं की उडी मारतो, फारच अडलं की सोडून देतो. हा वाजवत नाही, नुसता वाचतो. एक तुकडा वाचला की तोच परत वाचतो, मागच्याशी जुळतो का बघतो. जुळला तर पुढं. नाही जुळला तर पुन्हा. दहा वेळा, वीस वेळा, कंटाळत नाही.

रूपाली: आमच्या शाळेत बाई पाढे म्हणून घ्यायच्या तसं.

तल्हा: अगदी तसंच. चुकला की पहिल्यापासून.

रूपाली: आन हे शेवटाला काय आलंय? दोन टिंबं, रेघ आन कंस?

तल्हा: मान वाकडी करून बघा.

रूपाली: तोंड हाय. हसतंय.

तल्हा: नीट वाचतोय म्हणून हसतोय. अडखळला की तोंड वाकडं करतो. ज्यानं हा लिहिला त्याला असली हौस असणार. बघा, पहिला ट्रॅक होत आला. बऱ्यापैकी स्वच्छ आहे. दुसरा, तिसराही निघेल. मला भीती आहे ती चौथ्याची.

रूपाली: का?

तल्हा: सीडी आतून बाहेर वाचतात. चौथा ट्रॅक जिथं येतो, बरोबर तिथं हा चरा आहे. उजेडात धरली तेव्हा बघितलात? खोल आहे, बोटाच्या पेराएवढा लांब. आणि हा पडलेला वाटत नाही मला. यंत्रात पडलेला चरा गोल जातो. हा मारलाय कुणीतरी, खिळ्यानं नाहीतर चावीनं.

रूपाली: कोण मारंल? पत्र्याच्या पेटीत व्हती, आयच्या लुगड्याखाली. घरात लहान पोर म्हणजे माझी नमू, तिचा हात पोचत नाय.

लडकू: मी मारला.

रूपाली: तू?

लडकू: खिळ्यानं. लई वर्षं झाली.

रूपाली: कशाला रं?

लडकू: राग आलता.

तल्हा: नशीब काका, चमकत्या बाजूनं मारलात. वरच्या बाजूनं, जिथं नाव लिहिलंय तिथून मारला असता तर आवाजाचा थरच खरवडून निघाला असता. मग कुठल्याच प्रोग्रामचं काही चाललं नसतं. इकडून मारलाय तो नुसत्या प्लास्टिकला लागलाय.

लडकू: मला कुठं ठाऊक कुठली बाजू कसली.

तल्हा: पहिले तीन निघाले. ऐकायचं का ताई?

रूपाली: बाबा, लावू?

लडकू: मी बाहेर जाऊन बसतो.

रूपाली: बाहेर ऊन हाय. आन माझं ऐक आधी, मंग जा. भाऊ, तुमालाबी सांगते. माझी पोर तीन वर्षांची हाय. तिला वाचता येत नाय. हा बोलतो पाटीवर. मंग दोघांनी बोलायचं कसं? तो तिला मासा काढून देतो, कोंबडी काढून देतो. ती हसते. झालं. परवा मला विचारते, आजोबाला आवाज मिळालाच नाय का गं? मी बोलले, मिळाला व्हता, लई मोठा व्हता. तर बोलते, मंग दाखव. काय दाखवू? मोबाइलमधी एक फोटो नाय धड, आवाज कुठला.

लडकू: ती असं बोलली?

रूपाली: दोनदा.

लडकू: मला नाय सांगितलंस.

रूपाली: तुला सांगून तू काय करणार व्हतास? पाटी उलटी ठेवून पडून राहिला असतास.

लडकू: लाव.

सीडीतला आवाज: बायांनो, बापयांनो, हातातलं काम सोडू नका, कान तेवढे हिकडं द्या. येत्या रविवारी पोलिओचा डोस हाय. पाच वर्षांच्या आतलं पोर, मंग ते रडो, पळो, नायतर झाडावर चढून बसो, घेऊन केंद्रावर यायचं. दोन थेंब. सुई नाय, दुखणं नाय. ज्यांचं पोर पळून जातं त्यांनी आजीला पाठवा, आजीच्या हातून कुणी सुटत नाय.

तल्हा: थांबा, थांबा. हे मला पाठ आहे.

रूपाली: तुमाला?

तल्हा: मला काय, सगळ्या चौकला पाठ आहे. रिक्षावरचा भोंगा. काका, ते तुम्ही?

लडकू: हां.

तल्हा: मी दहावीत होतो. आमच्या वर्गात रोज कुणीतरी बाकावर उभं राहायचं, बायांनो, बापयांनो. सर आत आले तरी चालू. रिक्षा गेली की आम्ही आवाजामागं पळायचो, पण मागं पडदा असायचा. आत कोण बसतं ते कधी दिसलं नाही.

लडकू: पडदा उन्हासाठी व्हता. नक्कल चांगली करायची का पोरं?

तल्हा: ऋषिकेश म्हणून एक होता, तो बरी करायचा. पण तुमच्यासारखा लांबवर जात नव्हता आवाज.

लडकू: आमच्या वाडीतून खालच्या वाडीला हाक मारावी लागायची. मधी ओढा. लहानपणापासून सवय.

रूपाली: ठाकूरवाडीत पेपर वाचता येणारा हा एकटा व्हता तवा. आमच्याकडं शेठ, पुढारी, दवाखान्याची बाई, सगळी कागद घेऊन यायची. हा कागद एकदा वाचायचा आन बाजूला ठेवायचा. मंग आपल्या मनानं बोलायचा. आजीचं ते कागदावर नव्हतं.

लडकू: कागदावर 'पालकांनी सहकार्य करावे' असं व्हतं. त्यानं कोण येतंय?

तल्हा: ऐका ताई, तुम्हाला एक सांगू? आजकाल अशी सोय निघालीय. एवढा स्वच्छ आवाज हातात असला की मोबाइलमध्ये काकांसारखा आवाज तयार करता येतो. काका टाइप करतील, मोबाइल त्यांच्या आवाजात बोलेल. नमूशीसुद्धा.

रूपाली: खरं? बाबा, ऐकलंस?

लडकू: नको.

रूपाली: का रं? चांगलं हाय की.

लडकू: जे मी बोललो ते माझं. जे बोललो नाय ते यंत्रानं माझ्या नावानं बोलू नये. नमूला खरं तेच ऐकव.

तल्हा: बरं काका. तुमचा आवाज, तुम्ही म्हणाल तसं. मी मूळ प्रत ठेवतो, काहीही न कापता. मोबाइलसाठी वेगळी छोटी करून देतो. आता चौथा.

रूपाली: ते तोंड बघा. हसणं गेलं त्याचं.

तल्हा: चऱ्यावर आला. आता घाई करायची नाही. मी ड्राइव्हचा वेग कमी करतो, सावकाश फिरली की जास्त दिसतं त्याला. चहा घ्याल?

रूपाली: मी घेईन. बाबाला नको, त्याला गरम पटकन गिळता येत नाय.

लडकू: बशीत द्या. सावकाश घेतो.

रूपाली: घरी तर घेत नाय.

लडकू: घरी कुणी चौकचा चहा देतं का?

तल्हा: हे घ्या काका. फुंकून देऊ?

लडकू: नको, निवंल. तो काय करतोय बघ.

तल्हा: एकाच जागी आहे. बारा वेळा वाचलं. थोडं पुढं सरकला. परत अडला.

रूपाली: नाय निघालं तर राहू द्या भाऊ. तीन निघाले तेच लई झाले. पाचवा, सहावा काढा.

तल्हा: ते निघतीलच. पण ह्याला अर्ध्यावर सोडायचं नाही. काका, चौथ्यात आहे काय?

लडकू: साड्यांचा सेल.

रूपाली: तो? तो राहू द्या मंग. खरंच राहू द्या. त्या सेलपायीच ह्याचं काम गेलं.

तल्हा: काम गेलं? कसं काय?

रूपाली: आता कशाला ते. मी चौदा वर्षांची असंन. एक दिवस दुपारी घरी आला, पिशवी खुंटीला लावली, बोलला, रिक्षा सुटली. शेठनं काढला. नंतर बाजारात आयला कळलं, शेठची जाहिरात बंद करून हा अर्धा दिवस रिक्षा घेऊन कुठं कुठं फिरत व्हता, भलतंच काय बोलत व्हता भोंग्यावर. आय बोलली, प्यायला असंल. हा काय बोलला नाय. मंग आमी वाडी सोडली, दहिवलीला बंगल्यावर राखणदार म्हणून राहिलो. तिथं आवाज कशाला लागतोय.

तल्हा: कुठलं साल हे?

रूपाली: नववीत व्हते मी. दोन हजार नऊ.

तल्हा: मे महिना?

रूपाली: सुट्टी चालू व्हती, म्हंजी मेच. का?

तल्हा: जरा थांबा. निघाला बघा, शंभर टक्के. दोन ठिकाणी जुळलं नाही, तिथं टिकटिक ऐकू येईल. लावतो.

सीडीतला आवाज: बायांनो, बापयांनो, हातातलं काम सोडू नका, कान तेवढे हिकडं द्या. चौकच्या बाजारात साड्यांचा सेल लागलाय. नऊवारी हाय, सहावारी हाय, लेकीला द्यायची हाय, सुनेला दाखवायची हाय. नवऱ्याला घरी ठेवून या, तो घाई करतो.

तल्हा: काका. ही जाहिरात तुम्ही त्या दिवशी मध्येच बंद केलीत. बाजारात, दुपारी साडेबाराच्या सुमाराला.

लडकू: तुला कुणी सांगितलं?

तल्हा: एक माणूस मोटारसायकलवर आला होता तुमच्याकडं. चिठ्ठी घेऊन.

लडकू: हां. दाढीवाला. रडत व्हता.

तल्हा: तो माझा मामा. चिठ्ठीत माझ्या अब्बांचं नाव होतं.

रूपाली: काय बोलताय भाऊ? मला कळंना.

तल्हा: अब्बांचा मासळीचा टेंपो होता, ताई. जुन्या हायवेवर, इथून पुढं वळणावर उलटला. पनवेलच्या दवाखान्यात नेलं. मी होतो बरोबर, सतरा वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, रक्त लागणार, बी गटाचं, आठ बाटल्या, आणि एवढं एकदम मिळत नाही. तिथल्या रक्तपेढीत दोन होत्या. मामाला काही सुचेना, तो परत चौकला आला. बाजारात भोंगा चालू होता, साड्यांचा. त्यानं रिक्षा अडवली.

रूपाली: बाबा?

तल्हा: ह्यांनी सीडी बंद केली आणि माइक हातात घेतला. बाजारात, मग लोधिवलीत, मग खालापूर फाट्यापर्यंत, परत चौकला. तीन तास. मामा मागून मोटारसायकलवर. लोकांना आपला गट ठाऊक नव्हता, तर हे म्हणाले, ठाऊक नसला तरी चला, तिथं तपासतील. एका ट्रकवाल्यानं गाडी रिकामी केली, लोक त्यात बसले. एकतीस माणसं आली पनवेलला, ताई. मी जिन्यात बसलो होतो. एकदम माणसंच माणसं आली वर. गॅरेजवाले, ढाब्यावरचे, दोन बाया भाजीची टोपली तशीच सोडून आलेल्या. त्यातल्या सात जणांचं जुळलं.

लडकू: सात?

तल्हा: सात. दोन पेढीतल्या. नऊ झाल्या.

लडकू: वाचला?

तल्हा: काय म्हणालात?

लडकू: तो माणूस. वाचला का?

तल्हा: वाचले, काका. अकरा वर्षं जगले. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?

लडकू: दोन दिवसांनी गेलतो पनवेलला. दारावर पूर्ण नाव विचारलं. मला झाकीरभाई एवढंच ठाऊक. आत सोडलं नाय. मंग शेठनं काढलं, चौकला येणं बंद झालं.

रूपाली: सोळा वर्षं तू हे पोटात ठेवलंस? आय मरेपर्यंत तुला पिऊन पडला व्हता बोलायची. एकदा तोंड उघडायचं व्हतंस, तवा आवाज व्हता की तुला.

लडकू: काय सांगणार? माणूस मेला असता तर? मेलेल्याच्या नावावर मोठेपणा घ्यायचा?

रूपाली: बाबा, तू पण ना.

लडकू: रडू नको गं. दुकान हाय हे.

तल्हा: रडू द्या त्यांना. आम्ही शोधलं हो तुम्हाला. अब्बा पाच महिने पलंगावर होते, उठायला लागले तेव्हा पहिलं हेच म्हणाले, त्या भोंगेवाल्याला घरी आणा. मी साड्यांच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाले, त्याला काढला, कुठल्या वाडीवरचा होता ठाऊक नाही. रिक्षा ज्या साउंडवाल्याची होती तो धंदा विकून गावाला गेला होता. मामाला तुमचा चेहरा आठवत होता, पण तो आखातात गेला. मी तर चेहराच बघितला नव्हता. आवाज ओळखत होतो, पण आवाज घेऊन कुणाला विचारणार?

लडकू: झाकीरभाई मंग काय करायचे?

तल्हा: टेंपो नाही चालवला परत, पाय आखडला. हे दुकान त्यांनीच घालून दिलं मला, गल्ल्यावर बसायचे. फराहचं, माझ्या बहिणीचं लग्न बघितलं. माझा मुलगा झाला तो हातात घेतला. तुम्ही दारात बसलात ना मघाशी, तिथंच खुर्ची टाकायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचे. वीस साली गेले. घरी, झोपेत. त्रास नाही झाला.

लडकू: झोपेत. बरं झालं.

तल्हा: ती अकरा वर्षं, काका, आम्हाला कुणी दिली ते आम्हाला कळलं होतं, सांगायला माणूस सापडत नव्हता. ईदला घरात सगळ्यांसाठी दुआ होते, त्यात अम्मी नेहमी म्हणते, आणि तो रिक्षातला. नाव माहीत नाही ना. तुमचं नाव काय?

लडकू: लडकू.

रूपाली: लडकू गोमा पारधी. लिही ना पूर्ण.

लडकू: लडकू गोमा पारधी.

तल्हा: पाटी पुसू नका काका, मी फोटो काढतो. अम्मीला वाचायला दाखवीन.

लडकू: आता सीडीवर चरा मारला त्याचं वाईट वाटतंय.

रूपाली: शेठच्या रागानं मारलास ना?

लडकू: शेठच्याबी. आन वाटलं, हितं साड्या साड्या करत बसलो, तवर तिकडं उशीर झाला असंल. जरा लवकर बंद केली असती तर.

तल्हा: उशीर नाही झाला. मी होतो तिथं. अजिबात उशीर नाही झाला.

रूपाली: भाऊ, हा साड्यांचाबी द्या मला मोबाइलमधी. टिकटिकीसकट. नमूला सगळे ऐकवीन.

लडकू: पहिला पोलिओचा ऐकव. ती डोसाला रडते.

रूपाली: तू बस तिच्याजवळ, ती ऐकंल तवा. खोलीत जाऊन पडायचं नाय.

लडकू: बसंन.

तल्हा: अम्मीला फोन लावतोय, लोधिवलीला. स्पीकरवर ठेवतो. चालेल ना काका? तुम्ही फक्त ऐका, उत्तर मी वाचून दाखवीन.

लडकू: मी काय बोलणार त्यांच्याशी?

तल्हा: काही नको. हॅलो, अम्मी? हातातलं ठेव आणि बस खाली. काही झालं नाही, चांगलंच आहे. तो रिक्षातला माणूस दुकानात बसलाय माझ्या. हो, तोच. चहा पितोय. त्यांची मुलगी आहे बरोबर. नाही अम्मी, बोलता येत नाही त्यांना, घशाचं ऑपरेशन झालंय. ऐकू येतं सगळं. तू बोल, मी फोन त्यांच्यासमोर धरलाय.

अमिरुन्निसा: दादा? ऐकू येतंय ना?

लडकू: हां.

तल्हा: हो म्हणतायत.

अमिरुन्निसा: त्या दिवशी मी घरीच होते. मला दवाखान्यात नेलं नव्हतं कुणी, सगळे म्हणाले, तू घरी थांब. दार लावून बसले होते. आणि बाहेरून तुमचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, आपल्या झाकीरभाईंना रक्त पाहिजे. आपल्या म्हणालात. तुमची ओळख होती का त्यांची?

लडकू: नाय. कधी बघितलं नव्हतं.

तल्हा: नाही म्हणतायत अम्मी. कधी बघितलं नव्हतं त्यांना.

अमिरुन्निसा: मलाही तसंच वाटलं होतं. ते ऐकून मी दार उघडलं. आळीतल्या सगळ्या बाया अंगणात उभ्या होत्या, कुणी चप्पल घालत होती, कुणी पोराला शेजारी देत होती.

लडकू: मला तिकडचं काय दिसलं नव्हतं. पडदा व्हता.

तल्हा: म्हणतात, पडद्यामुळं त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

अमिरुन्निसा: मग मी सांगते ना. तल्हा, फोन त्यांच्या हातात दे. दादा, तुम्ही लिहू पण नका आता, नुसतं ऐका. सोळा वर्षांचं आहे, जरा वेळ लागेल.